दिवसाला एक मिलिमीटर

ज्यांच्या घरात कुणाच्या पाठीच्या कण्याला नुकतीच इजा झाली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझा मोठा भाऊ ती इजा घेऊन दहा महिने जगला आणि जानेवारीत गेला. मी डॉक्टर नाही. नागपूरला एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. लिहायला वेळ लागला, कारण या हकिकतीत एका जागी मी चुकले आहे, आणि ती जागा जवळ आली की दर वेळी मला दुसरंच काहीतरी सांगत बसावंसं वाटतं.

कूलर

मार्च निम्मा उलटला की आमच्याकडे घरोघरी कूलर बाहेर निघतात. जुन्या गवताच्या ताट्या फेकायच्या, नव्या बसवायच्या, पंप चालतो का बघायचं. गल्लीतल्या निम्म्या घरांचं हे काम दादाच करून द्यायचा. पडला तो मात्र स्वतःच्या घराचा कूलर चढवताना. लोखंडी स्टँड कलंडला आणि तो मागच्या मागे सिमेंटच्या टाकीच्या काठावर आदळला. उंची पुरुषभरही नव्हती.

दादा म्हणजे राजाराम, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. बाबा गेले तेव्हा नववीतून शाळा सोडून कामठीच्या पॉवरलूमवर उभा राहिला, तो तीस वर्षांहून जास्त. मी एम.एस्सी. झाले ती त्याच्या उभं राहण्यावर.

"पडले तं ओरडले बी नाही वं," सुमनवहिनी मला नंतर सांगत होती. "नुसतं म्हणे, सुमन, माहे पाय कुठं गेले?"

चार शेजाऱ्यांनी बगलेत आणि गुडघ्याखाली हात घालून त्याला उचललं, ऑटोत बसवलं आणि नागपूरला आणलं. असं बसवून आणू नये, फळीवर सरळ झोपवून आणावं, हे आम्हाला दवाखान्यात कळलं. त्याने किती फरक पडला असता, हे कुणालाच सांगता येणार नाही, असंही डॉक्टर म्हणाले. त्या चार जणांपैकी एक जण अजून माझ्या नजरेला नजर देत नाही. त्याचा काही दोष नाही, हे मी त्याला दोनदा सांगितलं आहे.

व्हरांडा

डॉक्टर तरुण होते, दमलेले होते. त्यांनी विचारलं, "घरात शिकलेलं कोण आहे?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ते मला व्हरांड्यात घेऊन गेले.

"मज्जारज्जू पूर्ण चेपला गेला आहे. ऑपरेशन करून आपण मणका स्थिर करू. पण कमरेखालची हालचाल परत येण्याची आशा फार, फार कमी. हातांत ताकद आहे, ते चांगलं आहे. खुर्चीवर जगायला शिकवा त्यांना, जितक्या लवकर जमेल तितकं. तुम्ही समजावून सांगाल ना?"

मी हो म्हटलं. व्हरांड्याच्या टोकाला वहिनी बाकावर बसली होती, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

"काय म्हणे डॉक्टर?"

"ऑपरेशन करणार आहेत."

हे खरं होतं. पुढचे पाच महिने मी असंच खरं बोलत राहिले.

वॉर्ड

दवाखान्यात दिवस तासांनी जात नाही, कुशींनी जातो. दर दोन तासांनी दोघीतिघींनी मिळून त्याला फिरवायचं: डावी कूस, पाठ, उजवी कूस. मध्ये लघवीच्या नळीची पिशवी रिकामी करायची. मी कॉलेज सुटल्यावर यायची आणि संध्याकाळच्या दोन कुशींना हात लावायची. माझ्या भावाचं शरीर इतकं जड आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

तो मोठ्याने बोलायचा. आयुष्यभर लूमच्या खडखडाटात बोललेला माणूस, त्याला हळू आवाज येतच नव्हता. पलीकडच्या खाटेवरचे काका म्हणायचे, "राजाभाऊ, जरा हळू गा. माहे टाके तुटतीन." दादा सिस्टरला म्हणायचा, "सिस्टर, पायाले गुदगुल्या करून पाहा. हसला तं मले सांगजा."

त्या सिस्टरबद्दल एक सांगायला हवं. पायांना हात लावण्याआधी त्या तळवे एकमेकांवर घासून गरम करायच्या. मी म्हटलं, त्याला तिथलं काही कळत नाही. त्या म्हणाल्या, "पायांना कळत नसेल ताई. त्यांना दिसतं तर." त्या दिवसांत जे काही बरं वाटलं, त्यात हे सगळ्यात वर आहे.

मी सांगितलं ते

ऑपरेशननंतर दहा-बारा दिवसांनी दादाने मला विचारलं.

"शालू, तू तं पोरायले हेच शिकवतं ना, शिरा-बिरा? मंग सांग. माही तुटलेली सांधते का नाही?"

सांधणी हे त्याचं काम होतं. लूमवरचा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपला की नव्या बीमचा एकेक धागा जुन्या धाग्याच्या टोकाला जोडायचा. बोटांना राख लावून दोन टोकांना पीळ द्यायचा, असे हजारो. त्याच्या हाताला कामठीत नाव होतं. बसल्या बैठकीत तो आख्खा ताणा सांधून उठायचा, आणि तुटायचा नाही.

मी म्हटलं, "पेशी लगेच मरत नाही, दादा. तुटलेल्या टोकाले कोंब फुटते. तो वाढाले पाहते."

"वाढते? किती?"

"हाताची नस कापली तं दिवसाला एखादा मिलिमीटर."

'हाताची' हा शब्द मी म्हटला होता, हे मी स्वतःला कितीदा तरी सांगितलं आहे. पुढचं वाक्यही तयार होतं. दरवर्षी मी ते फळ्यापाशी उभी राहून सांगते. हातापायांतल्या नसांच्या भोवती अशा पेशी असतात की त्या कोंबाला वाट करून देतात. मज्जारज्जूत तसं होत नाही. तिथेही कोंब फुटतो, पण इजेच्या जागी व्रण धरतो. तो व्रण बाजूच्या शाबूत पेशींना वाचवतो आणि कोंबाची वाट अडवतो. तुटलेल्या आवरणांचा कचराही त्याला थांब म्हणतो. कोंबाचं टोक फुगतं आणि आहे तिथेच राहतं. तो पुढे जावा म्हणून जगभर माणसं खपत आहेत, पण आमच्या वॉर्डापर्यंत पोचेल असं अजून काही नाही.

हे मी बोलले नाही. त्याचा चेहरा उजळला होता. अपघातानंतर पहिल्यांदा तो माझ्याकडे न बघता स्वतःच्या पायांकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी वहिनीच्या पिशवीत शिवणकामाचा टेप होता. त्यानेच मागवला होता. पाठीवरच्या टाक्यांपासून अंगठ्यापर्यंत तिने मोजलं: एकशे बारा सेंटिमीटर. कापड मोजण्यात हयात गेलेल्या माणसाला हिशेबाला वेळ लागला नाही.

"तीन वर्षं," तो म्हणाला, "अन् वर पंचवीस दिवस. काढू ना बापा. तीन वर्षं काय जास्त हायेत?"

पलीकडचे काका म्हणाले, "राजाभाऊ, आख्ख्या वॉर्डाले लग्नाचं आमंत्रण देऊन राहिले का?" सगळे हसले. मीही हसले.

पेढे

एप्रिलच्या शेवटी आम्ही त्याला कामठीला घरी आणलं. चाकांची खुर्ची सोबत आली. ती दाराआड घडी घालून उभी राहिली, प्लास्टिकही निघालं नाही. काही दिवसांनी वहिनी तिच्यावर टॉवेल वाळत घालू लागली.

आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट यायच्या. आम्ही त्यांना फिजिओताई म्हणायचो. त्या शिकवायच्या: हातांवर भार देऊन उचला, कुशीवर वळा, खाटेवरून खुर्चीत सरका. दादा नम्रपणे ऐकून घ्यायचा आणि त्यांची गाडी सुरू झाली की परत पाठीवर सरळ व्हायचा. वहिनीने कुशीवर केलं तरी हाताने खाटेची पट्टी धरून परत पाठीवर यायचा. मी कारण विचारलं नाही. दुखत असेल, असं समजले.

मे महिन्यात एका सकाळी वहिनीने त्याच्या टाचेखालची चादर ओढली आणि उजवा पाय गुडघ्यातून झटक्याने वर आला.

मी रविवारी पोचले तेव्हा घरात पेढ्यांचा डबा फिरत होता. विहारातल्या दोघी-तिघी आल्या होत्या. दादा गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता, "सांधणी झाली का पुढून धागा हळूच ओढून पाहाचा. मांगं हलला म्हंजे सांधला. पहाय शालू, ओढ ते चादर!"

मी ओढली. पाय हलला.

असा झटका येतो हे मला माहीत होतं. इजेच्या खालचा रज्जू जिवंत असतो. चादरीचा ओढा तिथवर पोचतो आणि पाय आखडायचा हुकूमही तिथूनच सुटतो. वर मेंदूला पत्ता नसतो. मेंदूकडून खाली जी वाट येते, ती बंदच असते. हे माझ्या अभ्यासक्रमात आहे.

शेजारच्या बाई म्हणाल्या, "मास्तरीनबाई, सांगा आता तुमच्या डॉक्टरले. मोठे आले शिकलेले!"

वहिनीने डबा माझ्यासमोर धरला. तिचे डोळे भरले होते. मी पेढा घेतला आणि खाल्ला.

जखम

ऑगस्टमध्ये वहिनीचा फोन आला. "शालू, वास येऊन राहिला वं. पाठीले खाली. मले पाहावत नाही."

मी नागपुरातल्या जरीपटक्याहून मिळेल त्या ऑटोने गेले. फिजिओताईंनाही बोलावून घेतलं. आम्ही त्याला कुशीवर केलं. माकडहाडाच्या वर, तळहाताएवढी जागा काळी पडली होती, मधोमध उघडी होती. त्याला तिथे काहीच कळत नव्हतं, म्हणून त्याने काही सांगितलं नव्हतं. तो तोंड पलीकडे करून वहिनीला विचारत होता, "लय झालं का?"

बाहेर अंगणात येऊन फिजिओताईंनी वहिनीला विचारलं, "पाठीवरच पडून राहतात का सारखे? कुशीवर का होत नाहीत?"

वहिनी म्हणाली, "धागा वाकते म्हणतात. ताणा सरळ राह्यला पाह्यजे. वाकला तं कोंब भलतीकडंच जाईन. खुर्चीत बी त्याच्यानंच बसत नाहीत. तीन वर्षं सरळ राहतो म्हणतात."

फिजिओताई माझ्याकडे वळल्या. "हे कुणी सांगितलं त्यांना?"

तीन वर्षं ताणा न वाकवता झोपायचं, हे त्याने ठरवलं होतं. एवढी शिस्त त्याच्यात होती, म्हणून तर त्याचा धागा तुटत नसे. मी दिलेल्या अर्ध्या माहितीवर त्याने आपलं सगळं कसब लावलं होतं.

तो आणि मी

मी आत गेले. वहिनीलाही आत बोलावलं. खाटेच्या ज्या बाजूला त्याचं तोंड होतं, तिथे खाली बसले.

"दादा, ते मिलिमीटरचं हाताच्या नसेचं होतं. पाठीच्या कण्याचं नाही."

त्याचा हात खाटेच्या पट्टीवर गेला.

"कोंब फुटते, ते खरं आहे. पण तो तिथंच थांबते. पुढं येत नाही."

"अन् पाय हलते तं?"

"ते खालच्या खाली होते. वरून हुकूम येत नाही."

त्याने डोळे मिटले. मग आपल्या भाषेत लावून बघितल्यासारखा म्हणाला, "म्हंजे खालचा ताणा खालच्या खालीच नाचून राहिला. वरून कोणी नाही."

"हो."

"तुले कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. डॉक्टरनं व्हरांड्यात सांगितलं होतं."

"पेढा खाल्ला तवा बी?"

"हो."

त्याचा आवाज पहिल्यांदाच हळू आला. "तू मास्तरीन ना वं? मंग अर्धाच धडा काहून शिकवला?"

"तू खूश झालता, दादा."

"मी खूश झालो," तो म्हणाला, "अन् पाठ माही सडली."

वहिनी दाराला धरून उभी होती. तिने मला उठ म्हटलं नाही, की बस म्हटलं नाही.

नऊ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मी रोज जायची. मलमपट्टी कशी करायची ते नर्सकडून शिकले आणि रोज केली. तो पालथा पडून वहिनीमार्फत बोलायचा: "सुमन, तिले म्हण, चहा घे." दहाव्या दिवशी मी कॉलेजात असताना त्याचा फोन आला. "शालू, ते खुर्ची कशी उघडते? सुमनले जमून नाही राहिलं."

अकरा आठवडे

दवाखान्यात जाऊन जखम साफ करून घेतली, मग डॉक्टरांच्या परवानगीने दिवसातून दोनदा, अर्धा अर्धा तास, जाड गादीवर बसणं सुरू झालं. सप्टेंबर मध्यावर तो पहिल्यांदा दारात बसला. इतके महिने छत बघितलेल्या माणसाला गल्ली दिसली. तो ओरडला, "अरे, हे नाली कोणं झाकली?"

पुढे तो लूमच्या शेडपर्यंत गेला. दोन लूममधल्या बोळातून खुर्ची जाईना, म्हणून शेडमधल्यांनी भिंतीकडचा लूम त्याच्यासाठी ठेवला. तिथे मागच्या अंगाला बसून त्याने राखेत बोटं बुडवली आणि सांधायला लागला. दर पंधरा मिनिटांनी दोन्ही हातांवर अंग उचलायचं, हे त्याला मालकाचा मुनीम ओरडून सांगायचा. "राजाभाऊ, उचला!" लूमच्या आवाजात ते सगळ्या शेडला ऐकू जायचं आणि सगळे ओरडायचे, "उचला!" असं रोज अर्धा तास. तिथून परत येताना त्याच्या चेहऱ्यावर जे असायचं, ते टेपच्या दिवशीच्या उजेडासारखं नव्हतं. ते कमी होतं आणि टिकत होतं.

एकदा मी खुर्ची ढकलत असताना म्हटलं, "दादा, राग गेला का?"

"नाही," तो म्हणाला. "हाये राग. पण तू येत जाय."

जखम वरून भरत होती. आत ती हाडापर्यंत गेली होती. डिसेंबरच्या सुरुवातीला ताप आला, उतरला, परत आला. बसणं बंद झालं. पुन्हा वॉर्ड, पुन्हा कुशी. जानेवारीत एका दुपारी, डाव्या कुशीवर असताना, तो गेला. वहिनी त्याची बोटं पुसत होती. मी औषधांच्या दुकानासमोर रांगेत होते.

पुण्यानुमोदनाला आलेले लोक म्हणत होते, सुटला बिचारा. वहिनी एरवी चारचौघांत बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, "सुटले काय म्हणता? आत्ता कुठं बसाले लागले होते."

वाडीहून फोन

तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे थोडंच आहे. दर दोन तासांनी कूस बदला, दुखत नसलं तरी. रोज आरशाने पाठ बघा. पाय आपोआप हलला तर पेढे वाटण्याआधी डॉक्टरांना विचारा. कधी ती चांगली खूण असते, पुष्कळदा नसते. खुर्चीचं प्लास्टिक पहिल्याच दिवशी काढा. खुर्ची म्हणजे आशा सोडणं नव्हे. आमच्या घरी आशेनेच खुर्चीला दाराआड उभं केलं, आणि ती आशा मी आणून दिली होती.

परवा फिजिओताईंनी माझा नंबर एका बाईंना दिला. त्या नागपूरला लागून असलेल्या वाडीला राहतात. त्यांचे मिस्टर गोदामात माल चढवायचे. पोती रचताना ट्रकवरून पडले. सहा आठवडे झाले. बाई दबक्या आवाजात बोलत होत्या, मागे अमरावती रोडवरच्या ट्रकचे हॉर्न येत होते.

"ताई, काल त्यायचा अंगठा हलला. आपोआप. डॉक्टर काही नीट सांगत नाहीत. तुम्ही शिकलेल्या आहा, तुम्हीच सांगा. पण मलेच सांगा. त्यायले कळू देऊ नका."

मी विचारलं, "ते झोपलेत का?"

"नाही. इकडंच पाहून राहिले."

"काल जे हललं, ते मुद्दाम हलवून बघा म्हटलं, तर हलतं का?"

"नाही," त्या म्हणाल्या.

"मग फोन त्यांना द्या."

"ताई, ते खचतीन हो."

"तुम्ही जवळ बसा. पण मला त्यांनाच सांगायचं आहे. सगळं."

त्यांनी हो म्हटलं नाही. फोन कशावर तरी घासल्याचा आवाज आला, मग एक लांब श्वास, आणि एका माणसाचा खरखरीत आवाज. "कोण बोलून राहिलं?"

मी माझं नाव सांगितलं, त्यांचं विचारलं, आणि सांगायला लागले. मध्ये ते एकदाही हं म्हणाले नाहीत. फोन ठेवलाही नाही.